हद्द झाली!

गेल्या वर्षी पुलावर कुणीतरी आमचा मोबाईल मारला. अलीकडच्या चौकीतला हवालदार म्हणाला, "पलीकडे जा." पलीकडच्याने विचारलं, "नेमका कुठल्या खांबापाशी?" शेवटी दोघांचा निकाल एकच: आमच्या हद्दीत येत नाही. घरी आलो, 'एम. व्ही. एलिझाबेथ' या जहाजाची कथा वाचली आणि जीव भांड्यात पडला. आपला नुसता मोबाईलच होता!

फेब्रुवारी १९८४. ही बया गोव्यातल्या एका कंपनीचा माल पोटात घालून मुरगाव बंदरातून निघाली, ती बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची पावती, न देताच. एप्रिलमध्ये विशाखापट्टणमला टेकली आणि कंपनीने लावलेल्या दाव्यात अडकली. जहाजाला बेड्या घालत नाहीत, वॉरंट चिकटवतात. दाव्यात प्रतिवादीही खुद्द जहाजच.

वॉरंट निघालं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून. ते तेव्हा हैदराबादला होतं, जहाजापासून सुमारे ६०० किलोमीटरवर. तिथे पाणी म्हणाल तर हुसेनसागर. जहाजवाल्यांनी हेच धरलं: समुद्री दावे ऐकण्याचा मान १८९१ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिघांचा, हैदराबाद कोण लागून गेलं? शिवाय व्हिक्टोरिया राणीच्या काळातला १८६१ चा कायदा बंदरात आलेल्या मालाबद्दल बोलतो, हा तर बाहेर गेलेला! थोडक्यात, विलायतेच्या पार्लमेंटने बारनिशीत आवकचा कारकून बसवला होता, जावकचा कायमचा रजेवर.

उच्च न्यायालयाने आक्षेप उडवला. जहाजवाले दिल्लीला गेले. फेब्रुवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साहेबाने लिहून ठेवलं नाही म्हणून आपल्या उच्च न्यायालयाचे हात बांधलेले नाहीत. हैदराबाद बरोबर. दावा कुठे चालवायचा, एवढं ठरायला आठ वर्षं. तेवढ्यात पोर बालवाडीतून सातवीत जातं.

राणीच्या काळातला कायदा मात्र आपल्याकडून गेला १ एप्रिल २०१८ ला. (तारीख सरकारने निवडली, आम्ही नाही.) नव्या कायद्यात आठ उच्च न्यायालयं नावानिशी आहेत, हैदराबादसुद्धा.

निकालाची प्रत घेऊन आम्ही पुन्हा चौकीवर गेलो. हवालदाराने ती उलटसुलट पाहिली, थुंकी लावून दोन पानं चाळली आणि विचारलं, "यात पूल कुठे लिहिलाय?"