पिवळी पिन कुठे घालावी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून 'मीडिया', 'सामुराई', 'लिटल मास्टर' किंवा 'टर्मिनेटर' असल्या नावाचा, पिवळट पडलेला व्हिडिओ गेम खाली आला असेल आणि घरात भिंतीवर ४३ इंची एलईडी टीव्ही टांगलेला असेल, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांना ती सारखीच लागू. इलेक्ट्रॉनिक्समधलं काही येण्याची गरज नाही. ज्यांना थोडंफार येतं त्यांच्यावर घरच्यांचा विश्वास नसतो, कारण मागच्या वेळी मिक्सर त्यांनीच उघडलेला असतो.

आधी यंत्राकडे जरा आदराने बघा. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम आणला आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले हे डबे बहुतेक त्याच्याच नकला. सोबतच्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलेलं असतं. त्यातले खरे खेळ बोटांवर मोजावेत इतके; बाकीचे तेच खेळ, फक्त निराळ्या पातळीपासून सुरू होणारे. छापील आकडा कसा वाचायचा हे कळलं की निम्मं शिक्षण झालं. आता एव्हीचं एचडीएमआय करणारी जी डबी तुम्ही विकत घेणार आहात तिच्यावर '१०८०पी' लिहिलेलं असेल.

पायरी पहिली: डबी विकत घेऊ नका. टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत मोबाईल सरकवून मागच्या बाजूचा फोटो काढा. पुष्कळ टीव्हींना अजून एव्हीची जागा असते. कधी पिवळं भोक, कधी हेडफोनसारखं एकच बारीक भोक, कधी हिरव्या रिंगणात पिवळा ठिपका. असेल तर पिवळी पिन तिथे घाला (बारीक भोक असेल तर मधल्या जोडवायरने) आणि पुढची पायरी सोडून द्या. चित्र काळंपांढरं आलं तर घाबरू नका. एक तर टीव्ही त्या भोकाला कंपोनंट समजून बसलाय, नाही तर तो एनटीएससी ही रंगपद्धत धरून बसलाय आणि तुमचा गेम पाल बोलतोय. दोन्ही गोष्टी मेनूत बदलता येतात. मेनू सापडायला रिमोट लागतो, तो सोफ्याच्या फटीत असतो.

पायरी दुसरी: बाजारात जा. पाचशेच्या आतबाहेर मिळणारी, काड्यापेटीहून थोडी मोठी प्लॅस्टिकची डबी मागायची. एका बाजूला पिवळं-पांढरं-लाल, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. नवशिक्याची परीक्षा इथेच होते, कारण अगदी अशीच दिसणारी, त्याच रंगाची, उलट काम करणारी दुसरी डबी शेजारीच लटकत असते. संवाद साधारण असा होतो:

"भाऊ, एव्ही टू एचडीएमआय हाये का?"

"हाये ना."

"हे तं एचडीएमआय टू एव्ही हाये."

"एकच असते ना बाप्पा. उलटी लावून पाहजा."

उलटी लावून काहीही होत नाही. त्याहून स्वस्त वस्तूही तिथे असते: एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली नुसती वायर. तिच्यात बदल करणारी चिपच नाही. गेमचा अॅनालॉग सिग्नल नुसत्या तांब्यातून गेल्याने डिजिटल होत नाही. ती वायर घेऊ नका, घेतली असेल तर तिच्यावर कपडे वाळत घाला.

पायरी तिसरी, वीज. हिच्याकडे दुर्लक्ष केलंत तर चौथी पायरी उरणार नाही. डबीला ५ व्होल्ट लागतात, म्हणजे मोबाईलचा साधा चार्जर किंवा टीव्हीचं यूएसबी. गेमचा अडॅप्टर सहसा ९ व्होल्टचा असतो, आणि त्याच्या गोल पिनेत मध्ये अधिक की उणे हे प्रत्येक डब्यागणिक वेगळं. मूळ फॅमिकॉममध्ये मध्ये उणे होतं. अडॅप्टर हरवलाय म्हणून वायफायच्या राउटरचा लावणारे लोक मी पाहिले आहेत. राउटरच्या पिनेत मध्ये अधिक असतं. आधी डब्याच्या बुडाशी छापलेली खूण वाचा, मग पिन लावा. डब्याच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर ९ चे ५ करतो आणि उरलेले ४ व्होल्ट उष्णता म्हणून फेकतो. म्हणून डबा गरम होतो. त्याच्यावर टॉवेल ठेवू नका.

कॅसेट सुरू होत नसेल तर तिच्यात फुंकर मारण्याची राष्ट्रीय परंपरा आहे. ती बंद करा. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या. खामगावच्या माणसाने कापूस पाकिटातून विकत घ्यायचा हे वाईट दिसतं खरं, पण सरकी पट्ट्यांत अडकली तर आणखी वाईट दिसेल. आणि रिमोट हातात घेण्यापूर्वी शेगावच्या कचोरीचे हात धुवा.

आता डबी लावली, चित्र आलं आणि मारिओ जाडा झाला. जुनं चित्र ४:३, टीव्ही १६:९, आणि डबी उरलेली जागा भरण्यासाठी त्याला आडवा ओढते. टीव्हीच्या मेनूत ४:३ करा. घरातलं कोणीतरी लगेच म्हणेल, "बाजूला काळं काहून दिसून राह्यलं?" उत्तर देऊ नका. काळ्या पट्ट्या हाच योग्य निकाल आहे.

डबी नेमकं काय करते, ते इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण खोक्यावर ते कुणी लिहीत नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी असतात आणि त्या दोन हप्त्यांत येतात: आधी विषम, मग सम, सेकंदाला ५० हप्ते. जुन्या गेमने इथे लबाडी केली. तो २४० ओळींचं अख्खं चित्र प्रत्येक हप्त्यात त्याच जागी काढतो, सम-विषम भानगडच ठेवत नाही. डब्बा टीव्हीला काही कळत नव्हतं, तो मुकाट दाखवायचा. डबीला मात्र ठरवावं लागतं की आलेलं चित्र पूर्ण आहे की अर्धं. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात; डबीला तेवढाच अंदाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागात बांधायचा असतो. स्वस्त डबी बहुधा 'अर्धं' असा कौल देते आणि दोन वेगळी चित्रं एकात विणते. मग पळणाऱ्या मारिओच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, आणि मरून परत आलेला 'कॉन्ट्रा'तला गडी, जो लुकलुकायला हवा, तो एक तर सारखा दिसतो किंवा सारखा गायब. गायब गड्याने गोळ्या झाडत पुढे जाणं ही वेगळीच कला आहे.

त्यात डबी बाहेर ६० हर्ट्झ सोडते. आत ५० चित्रं येतात, म्हणून दर पाचांतलं एक ती दोनदा दाखवते. पार्श्वभूमी सरकताना जो बारीक गचका बसतो, तो हा. तसा आपला पाल मारिओ मुळातच जपानी मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्याने संथ होता, संगीतासकट. आपण ज्या चालीवर लहानपणी नाचलो ती चालच मंद होती. याचं वाईट वाटून घेऊ नका. अवघड उड्या जमल्या त्या त्यामुळेच.

उडीवरून आठवलं. बटण दाबलं आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडाला, तर तुमचा अंगठा म्हातारा झालेला नाही. डबी एखाद-दोन फ्रेम खाते आणि टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात त्याहून जास्त खातो. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. चित्र थोडं भडक दिसेल. खड्डा ओलांडता येईल.

ज्यांच्या यंत्राला पिवळी पिनच नाही, फक्त अँटेनाची वायर आहे, त्यांना डबीचा उपयोग नाही. तिला अँटेनाची भाषा येत नाही. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर घालून हाताने ट्यूनिंग करा. ऑटो ट्यूनिंग करू नका, घरच्यांनी लावून ठेवलेला चॅनेलचा क्रम जाईल आणि प्रकरण तंत्रज्ञानाच्या पलीकडे पोचेल. मुंग्याच दिसत राहिल्या तर माळ्यावर पुन्हा चढा. तिथे व्हीसीआर असेल. गेमची वायर व्हीसीआरच्या अँटेनात, व्हीसीआरची पिवळी पिन डबीत. व्हीसीआरमध्ये कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट अडकलेली असेल. ती काढायच्या फंदात पडू नका, संध्याकाळ जाईल.

महागड्या वस्तूंबद्दल विचाराल म्हणून सांगतो. ओएसएससी आणि रेट्रोटिंक ही जाणकारांची नावं. स्वस्तात जीबीएस-८२०० नावाचा उघडा बोर्ड मिळतो, मुळात गेम पार्लरमधल्या नाणं टाकायच्या मशीनचं चित्र कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर नेण्यासाठी केलेला. त्यावर ईएसपी८२६६ ही वायफायची चिप डकवून 'जीबीएस-कंट्रोल' हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की तो सम-विषमचा निवाडा नीट करतो. पण त्याला आरजीबी किंवा कंपोनंट लागतं. प्लेस्टेशन २ वाल्यांनी खुशाल घ्यावा. तुमचा टर्मिनेटर फक्त पिवळ्या पिनेवर बोलतो, ती पिन जीबीएसला चालत नाही, ओएसएससीलाही नाही.

शेवटची गोष्ट बंदुकीची. बदकांच्या खेळाची प्लॅस्टिकची बंदूक सोबत सापडली असेल तर ती आत्ताच बाजूला ठेवा. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक काही झाडत नाही. पिक्चर ट्यूबवर झोत ओळ काढत जातो तेव्हा उठणारी चमक ती नेमक्या त्या क्षणी बघते. एलईडीवर ती चमक नसते, आणि असली तरी वेळेवर येत नाही. जगातली कुठलीही डबी बदक पाडू शकत नाही. खेळातला कुत्रा हसणारच.

बदक पाडायचंच असेल तर भंगारवाल्याला गाठा. तो तांब्याच्या कॉइलसाठी ट्यूब फोडायच्या आत पोचा, १४ इंची डब्बा टीव्ही मागा, चालू करून दाखवायला लावा. बंद टीव्हीतही धोकादायक व्होल्टेज उरलेलं असतं, तेव्हा मागचं झाकण उघडू नका. २१ इंचीला दोन माणसं लागतात आणि घरात आणताना घरचे विचारतील तेव्हा उत्तर तयार ठेवा.