नानांचा फॉल्ट नाही

सटाण्यात नाना एकच नाहीत. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर एक असतो, कांद्याच्या लिलावाला दोन-तीन असतात, आणि विविध कार्यकारी सोसायटीच्या संचालक मंडळात तर एखादा हमखास. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोटात पोवळं. पण नाना ओळखायची खरी खूण निराळीच. काही बिघडलं की नाना इंग्रजीत शिरतात.

एरवी ते इंग्रजीच्या वाटेला जात नाहीत. घरात अहिराणी, तहसील कचेरीत मराठी, जावयाशी थोडं पुणेरी. पण डाळिंबाची पानं करपली आणि चार माणसं बांधावर जमली, की नाना गंभीरपणे सांगतात, "स्कॉर्चिंग आलं." आलं! जणू नंदुरबारच्या एसटीतून उतरलं आणि पत्ता विचारत मळ्यात आलं. झालं होतं इतकंच, की आदल्या आठवड्यात ज्या पंपानं तणनाशक मारलं, तोच पंप न धुता नानांनी बागेत फिरवला होता. नानींनी फक्त विचारलं, "अहो, पंप धुतला होता का?" नाना म्हणाले, "तो टेक्निकल इश्यू आहे, तुला नाही कळायचं."

चूक म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न मागोमाग येतो. मिस्टेकला धनी लागत नाही. मिस्टेक होते, फॉल्ट निघतो, एरर येतो, सर्व्हर डाऊन असतो. सगळं आपापलं घडतं आणि नाना बाजूला उभे राहून हळहळतात. 'मन्हं चुकनं' हे दोन शब्द त्यांना येत नाहीत असं नाही. सालदाराकडून ते अनेकदा वदवून घेतलेले आहेत.

कारण दुसऱ्याच्या बाबतीत नानांची मायबोली अगदी शाबूत असते. भावाची बोअर कोरडी गेली तेव्हा नाना म्हणाले, "पाणाड्याच्या नादी लागून पैसा मातीत घातला." पुढच्याच उन्हाळ्यात स्वतःची कोरडी गेली, तेव्हा "बोअर फेल गेली." पाणाड्या तोच होता. वायरमननं फ्यूज चुकीचा टाकला तर तो गाढवपणा, नानांनी मोटार कोरडी चालवून जाळली तर "वायंडिंगला फॉल्ट."

या कलेत नाना एकटे नाहीत, हेही सांगायला हवं. आपल्या परीक्षांनी ती त्यांच्या आधीच साधली आहे. पूर्वी पोरगा नापास व्हायचा, बाप छडी शोधायचा, गोष्ट संपायची. मग एटीकेटी आली. अलाउड टू कीप टर्म्स! पोरगा विषयात बुडालाय आणि कागद सांगतोय की त्याला परवानगी दिली आहे. नानांचा धाकटा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला 'बॅक' आहेत आणि एकदा 'वायडी' झालं, म्हणजे वर्ष वाया गेलं. नाना हे सोयऱ्यांना अशा सुरात सांगतात, की समोरच्यानं पेढे मागावेत. मुलीकडच्या एका आजोबांनी तर विचारलंही, "वायडीला पगार किती असतो?"

बँकांनीही मदतच केली. थकबाकीदार म्हटलं की मान खाली जाते, चावडीवरची यादी आठवते. "आपलं खातं एनपीएत गेलं" म्हटलं की वाटतं, नाना नव्या आघाडीत सामील झाले, आता महामंडळ मिळणार.

एकदाच नानांचं इंग्रजी आटलं. 2023 साली उन्हाळी कांदा चाळीत भरून ते चढ्या भावाची वाट बघत होते. ऑगस्टात केंद्रानं 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, आणि पुढे लाल कांदा मार्केटला येत असताना 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, अख्खं कसमादे पेटलं. यात खरोखरच नानांचा काही दोष नव्हता. 'मार्केट क्रॅश' म्हणायची हक्काची वेळ होती. पण त्या दिवशी टपरीवर नाना जे बोलले ते इतकं शुद्ध, ठसठशीत आणि बागलाणी होतं, की ते इथं छापता येणार नाही.

मार्गशीर्षातल्या सफला एकादशीला देवमामलेदारांची यात्रा भरते. नाना सहकुटुंब दर्शनाला जातात आणि रांगेत पाहुण्यांना कथा सांगतात: यशवंतराव महाराज इथले मामलेदार, 1870-71 चा दुष्काळ, माणसं उपाशी, वरच्या साहेबाला न विचारता त्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला. इथवर नानांचा गळा दाटून येतो. मग संचालक जागा होतो.

"भावना बरोबर होती," नाना म्हणतात, "पण वर्किंगमध्ये मिस्टेक झाली. आधी सँक्शन पाहिजे होतं."

"त्यांनी लोकांना दिलं, आणि 'मी दिलं' म्हणून उभे राहिले," हात जोडलेल्या नानी पुढं सरकत म्हणाल्या. "तुमच्या सोसायटीच्या खताच्या हिशोबात पैसे कमी निघाले, ते कोणाला दिले?"

रांगेतली चार डोकी वळली. नानांनी पोवळं फिरवलं.

"ते कमी निघालेले नाहीत. तो ऑडिट पॉइंट आहे."