चमकी कागदातला गुंड

काय वो काकू, वड्या घालून रायल्या का? घाला घाला, ऊन बरं पडलं आज. मी इथूनच बोलते, कुंपणाचा काटा लागते मले. तुमच्या कानावर आलं का, मागच्या गल्लीतल्या मामीचं? हाव, त्याच. भाचीच्या लग्नाले बंगलोरले विमानानं गेल्या ना!

आता भंडाऱ्याची बाई अहेरात पितळ नाही नेणार तर काय नेणार? घेतला चांगला ठोक्याचा गुंड. वरून मोहाडीकडची कोशाची साडी अन् घरच्या बांधीतला चिन्नोर. तिन्ही वस्तू दुकानातून गुलाबी चमकी कागदात बांधून आणल्या, प्रत्येकावर रिबिनीचं फूल. मी म्हटलं होतं, मामी, विमानात कागद कोण पाहणार आहे? पण त्यांना तर नवरदेवाकडच्यांपुढे मिरवाचं होतं.

विमानतळावरच्या तपासणीत साडी पास, तांदूळ पास, अन् गुंड अडकला. काहून म्हणता? त्या एक्स-रे यंत्राले कागद आडवा येतच नाही, त्यातून सारं आरपार दिसते. कपडा, धान्य पडद्यावर नारिंगी दिसते, पातळ धातू निळा. पण पितळ जाड असलं की किरणं त्यातून नीट जात नाहीत, काळपट गोळाच दिसते. आत काय आहे ते कळत नाही म्हणजे उघडून पाहणं आलंच. त्यांचा तरी काय दोष?

अन् आत काय होतं, ऐका. खोबऱ्याच्या वाट्या! एवढं मोठं पोट रिकामं कशाले न्याचं म्हणून मामीनं कोंबल्या होत्या.

जवान बिचारा सभ्य. म्हणे, "मावशी, तुम्हीच सोडा." मामीले ती रिबिनीची गाठ सुटेना. नखं लावली, मग दात लावले. मागं लोकं ट्रॉल्या घेऊन उभे, मामा छताकडं पाहून रायले, जसं काही यांची ओळखच नाही. शेवटी टरकावला कागद. गुंड गेला, पण खोबरं बाहेर उभ्या पोराच्या हातानं भंडाऱ्याले परत आलं.

हसू नका, खोबऱ्याचा नियम खराच आहे. 2022 पासून चेक-इनच्या बॅगेत सुकं खोबरं बंद केलं सरकारनं. त्यात तेल असते ना, साठ्यात तापत गेलं तर आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ते जळाऊ मालात मोजतात. जवळच्या पिशवीत अख्खा नारळही चालत नाही. 2024 मध्ये शबरीमलेच्या भक्तांना इरुमुडीतला, म्हणजे त्यांच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ ठेवाची सूट दिली, तीही यात्रेपुरतीच.

ही कडकाई काही उगाच आली नाही, काकू. 1999 च्या डिसेंबरात आपलं विमान पळवून कंदाहारले नेलं, आठवते? पुढच्याच वर्षापासून विमानतळं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडं जाऊ लागली, पहिलं जयपूरचं. अन् परदेशी जाताना जवळच्या पिशवीत 100 मिलीच्या वर पातळ पदार्थ नको, हे 2006 मध्ये लंडनले पातळ स्फोटकांचा कट सापडला तेव्हापासून. आपल्या आंब्याच्या लोणच्याचं अन् तुपाचं त्या कटाशी काय घेणं-देणं, पण भोगा लागते. लोणचं नेऊच नका असं नाही, नीट झाकण घट्ट करून मोठ्या बॅगेत टाकाचं.

तुमची सून पुढच्या महिन्यात पुण्याले बारशाले जाणार ना, नागपूरवरून? तिले माझा निरोप द्या. चमकी कागद घडी करून ने म्हणा, सोबत चिकटपट्टी. कात्री मोठ्या बॅगेत, पॉवर बँक मात्र जवळच्या पर्समध्ये. बारशाच्या घरी पोहोचल्यावर पाच मिनिटांत गुंडाळून होते. अन् बांधूनच न्याचं असेल तर तोंडाले नुसती दोरी असलेली कापडी पिशवी घे म्हणा, उघडली अन् बंद केली. पितळेचं काही देणार असाल तर आधी घरीच वजन करा. देशातल्या विमानात बहुतेक तिकिटांवर 15 किलोच फुकट असते, त्याच्या वर किलोमागं पैसे मोजा लागतात.