डावा, उजवा आणि कूलर

प्रस्तुत लेखकाचा कान तयार आहे. हे मत त्याचं स्वतःचं असून त्याला अद्याप कुणी दुजोरा दिलेला नाही. मनीषनगरातल्या टू बीएचकेत त्याने स्पीकरची जोडी आणली, तेव्हा आपल्या कानाला आता कुठे साजेसं स्थळ मिळालं, असं त्याला वाटलं. पहिल्या दिवशी एक स्पीकर टीव्हीशेजारी गेला आणि दुसरा, जागा नव्हती म्हणून, चपलांच्या कपाटावर. पेटी टीव्हीपाशी वाजली, तबला चपलांतून. मग लेखक शास्त्राकडे वळला.

शास्त्राच्या मुळाशी ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज इंजिनिअर. बायकोबरोबर सिनेमाला गेला असता पडद्यावरचा नट इकडून तिकडे चालतो, पण आवाज मात्र एका जागचा हलत नाही, हे त्याला खटकलं, अशी गोष्ट सांगतात. आपण अशा वेळी मध्यंतराची वाट बघतो. त्याने डिसेंबर 1931 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. 1934 साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टची सिम्फनी बसवत होता, तीही त्याने दोन वाहिन्यांवर टिपली. 1942 मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा अडतीस वर्षांचा होता. स्टिरिओच्या तबकड्या सर्रास दुकानात आल्या त्या त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

नियम सोपा आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर भिंतीपासून सुटे हवेत, कोपऱ्यात तर नकोतच. तिथे खर्ज फुगतो. लेखकाने टेप घेऊन दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये दोन-दोन मीटरचा त्रिकोण खडूने आखला. उजव्या स्पीकरची जागा झकास निघाली. डाव्याची जागा खिडकीपुढे निघाली. आणि खिडकीत कूलर होता.

आता कूलरविषयी दोन शब्द लिहिणं भाग आहे. नागपुरात कूलर ही वस्तू नसून घरातलं एक माणूस आहे, आणि तेही वडीलधारं. होळी झाली की त्याला गॅलरीतून काढायचं, पत्र्याला आतून रंग द्यायचा, तिन्ही बाजूंच्या ताट्यांतलं जुनं गवत फेकून नवं भरायचं, पंप चालतो का ते बादलीत बुडवून बघायचं. पंप चालत नाहीच. मग नवा आणायचा. पहिल्या संध्याकाळी ओल्या गवताचा वास घरभर पसरतो आणि सगळे जण विनाकारण हॉलमध्ये येऊन बसतात. 23 मे 2013 रोजी या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या दिवशी घरातली नाती फक्त कूलरमुळे टिकली. ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांच्याकडेही कूलर असतोच; एसी पाहुण्यांसाठी. रात्री पाणी कोणी भरायचं यावरून लेखकाच्या घरी जेवढी भांडणं झाली, तेवढी इस्टेटीवरूनही होणार नाहीत. (इस्टेट नाही, हेही एक कारण.) कूलरचा पंखा काळी दोनच्या सुरात घरघरतो, असा लेखकाचा दावा आहे. त्या घरघरीत तंबोरा पार विरघळतो. शिवाय ओला वारा थेट डाव्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर.

‘‘कूलर थोडा सरकवू या?’’

‘‘अहो, तुम्हीच सरका,’’ सौ. म्हणाली. विषय संपला.

एक दिलासा लेखकाने शोधून काढला. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, अंशाला सेकंदागणिक सुमारे 0.6 मीटरने. वीस अंशांच्या खोलीत तो 343 मीटर असतो, तर मे महिन्यातल्या नागपूरच्या रस्त्यावर 358च्या आसपास. तोही बहुधा सावली गाठायला पळत असावा.

मग आरशाचा प्रयोग झाला. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा फिरवायचा. जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे आवाज आपटून परततो, तिथे काहीतरी जाड टांगायचं. दुसरं म्हणजे सौ. तिने आरसा फिरवला, मधल्यामध्ये स्वतःचे केसही नीट केले, आणि सापडलेल्या जागी आईने शिवलेली गोधडी टांगली. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या. ‘‘गोधडी वाळत नाही का बाप्पा अजून?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

दहा फुटी खोली साधारण 56 हर्ट्झला स्वतःच घुमते. तो घुमारा खोलीच्या मधोमध नाहीसा होतो आणि भिंतीपाशी सर्वांत जोरदार असतो. म्हणजे लेखकाने हौसेने विकत घेतलेला खर्ज मधल्या खुर्चीपेक्षा भिंतीशी टेकलेल्या चपलांच्या वाट्याला जास्त आला. आणि अर्धा फूट जरी डावीकडे सरकलं, तरी डावा आवाज जवळपास अर्धा मिलिसेकंद आधी पोचतो आणि मधोमध उभी असलेली गायिका डाव्या डब्यात जाऊन बसते. थोडक्यात, त्या घरात आता एकाच माणसाला गाणं नीट ऐकू येणार होतं. हे लेखकाच्या उशिरा लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

एका संध्याकाळी त्याने मोठ्या मनाने ती खुर्ची बाबांना दिली. बाबांचं तरुणपण फळीवरच्या एका रेडिओवर गेलं. नागपूर आकाशवाणी 1948ची, म्हणजे बाबांच्याच पिढीची. ‘‘हे दोन दोन डबे कायले आणले रे?’’ म्हणत ते बसले.

‘‘आलं का मधोमध?’’

‘‘उजवीकडून येऊन राहिलं.’’

लेखकाने डावा स्पीकर दोन बोटं पुढे घेतला. ‘‘आता?’’ ‘‘उजवीकडूनच.’’ आणखी दोन बोटं. तिसऱ्यांदा लेखकाचा आवाज चढला. नीट लक्ष देऊन ऐका ना, असं तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. ‘‘अहो, त्यांचा डावा कान गेला त्याला दहा वर्षं झाली,’’ ती हळूच म्हणाली.

तयार कानाचा माणूस गुडघ्यावर, हातात टेप घेऊन, बराच वेळ तसाच बसून होता.

नंतर त्याने हिराबाई बडोदेकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. 78 फेऱ्यांच्या जमान्यातलं गाणं, एकाच वाहिनीवरचं. दोन्ही डब्यांतून नेमकं तेच येतं, त्रिकोण असो वा नसो. बाबांनी खुर्ची सोडली, दिवाणावर जाऊन भिंतीला टेकले आणि दिवाणाच्या कडेवर बोटांनी ताल धरला. कूलर चालू होता. त्यांनी तो बंद करायला सांगितलं नाही.

सध्या उजवा स्पीकर दिवाणाकडे वळवलेला आहे. डाव्यावर सौ.ने मनी प्लँट ठेवला आहे. फरशीवरचा खडू पुसला गेला. कूलर मृग लागेपर्यंत खिडकीतून हलत नाही.