निवडीची सक्ती

आमच्या राणीसावरगावात बारावी झालेल्या पोराला पूर्वी एकच प्रश्न असायचा, ‘काय घेतलंस?’ ‘बी.ए.’ म्हटलं की विषय मिटायचा. 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांत शिरलं आणि या उत्तराला अर्धा तास पुरेना.

परवा स्टँडवर एका बापाने पोराला हेच विचारलं. पोरगं बोटं मोजू लागलं, ‘मेजर मराठी. मग ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी...’

‘खताची नावं सांगायलास का लेका?’

‘न्हाय बापू, विषय हायेत. वर्षाला चाळीस-चव्वेचाळीस क्रेडिट. बँकेत जमा होतेत.’

‘मग पीककर्ज भेटतंय का त्याच्यावर?’

धोरणाचा जीव म्हणे विद्यार्थ्याच्या निवडस्वातंत्र्यात आहे. त्यातला ओई, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, असा शासनाचा दंडक. इतिहासवाल्याने विज्ञान शिकावं, वाणिज्यवाल्याने कविता वाचावी. कल्पना झकास! पण ज्या महाविद्यालयात कला शाखा तेवढीच आहे, तिथे बाहेरची शाखा आणायची कुठून? मग तासिका तत्त्वावरचे सर सकाळी राज्यशास्त्र शिकवतात आणि दुपारी त्याच खडूने दुसऱ्या शाखेचे होतात. वर्षानुवर्षं जागा रिकाम्या असल्या, की विद्यार्थ्याने निवडायचा विषय तोच, जो शिकवायला माणूस हजर आहे.

आयकेएसचे, म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीचे, दोन क्रेडिट पोराला वर्गात बसून मिळतात. मृगात पेरावं की आर्द्रेची वाट बघावी, हे आभाळाकडे बघून सांगणाऱ्या बापाला अर्धाही नाही. सोयाबीनच्या काढणीला पोरगं आठवडाभर रानात राबलं, तर त्याची नोंद क्षेत्रकार्यात नव्हे, गैरहजेरीत होते.

एका बाबतीत मात्र धोरणाने आमच्या भागाची नाडी अचूक पकडली. वर्षभरानंतर शिक्षण सोडलं तरी ठरलेले जादा क्रेडिट मिळवून प्रमाणपत्र घेता येतं. आमच्याकडे पोरीचं लग्न जमलं की ती, आणि चाकणच्या कंपनीत चिकटला की तो, मधूनच बाहेर पडतच होते. तेव्हा त्याला गळती म्हणत. आता ती ‘बहुविध निर्गमनाची सुविधा’ झाली. गळती थांबवण्यापेक्षा तिला सुबक दार बसवणं स्वस्त पडतं.

पहिल्या वर्षाचे खरे अनिवार्य अभ्यासक्रम तर कोणत्याच तक्त्यात नाहीत. पहिला, आधार, टीसी आणि मार्कमेमोवरच्या नावाचं स्पेलिंग एक करणे. ते जुळल्याशिवाय क्रेडिटच्या बँकेत खातं निघत नाही. दुसरा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणे. ओटीपी येईस्तोवर संयम हे यातलं मूल्यशिक्षण. तिसरा, एसटीचा पास काढून पहिला तास गाठणे. हे प्रात्यक्षिक रोजचं. यांत नापास झालेल्याला एटीकेटी नाही, थेट घर.

तेव्हा मायबाप सरकार, पोरांना निवडीचं स्वातंत्र्य जरूर द्या. त्याआधी रिकाम्या जागांवर पूर्णवेळ प्राध्यापक नेमा. सात-आठ आद्याक्षरांचे विषय शिकवायला निदान सात-आठ माणसं तरी लागतातच.