उजेड वाया घालवणाऱ्या पेटीची तरफदारी

काचेतून उजेड लांब जावा म्हणून माणसाने काय कमी खटाटोप केला? काच शुद्ध केली तर तोटा किलोमीटरला 20 डीबीपर्यंत उतरेल, असं 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं. 1970 मध्ये कॉर्निंगने 17 डीबी करून दाखवलं. आज तो 0.2 डीबीवर आला आहे.

आणि एवढं झाल्यावर आम्ही काय करतो? त्याच फायबरच्या मध्ये एक पेटी जोडून उजेड मुद्दाम घालवतो. व्हेरिएबल ऑप्टिकल अ‍ॅटेन्युएटर. बटण फिरवलं की आतली गडद होत जाणारी फिल्टरची चकती सरकते. 3 डीबीला उजेड निम्मा, 10 ला दहावा हिस्सा, 60 ला दहा लाखांतला एक. काही तयार होत नाही, काही साठत नाही. शून्यावर ठेवली तरी थोडा उजेड गिळतेच. पैसे मोजून लॉस विकत घ्यायचा? हिशेब बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा असाच हा मूर्खपणा, आणि मला तो मनापासून पटतो.

ठाण्याहून कसारा रेल्वेने साधारण 85 किलोमीटर. तेवढ्या फायबरचा तोटा 17 डीबी. स्प्लाइस, कनेक्टर धरले की 20 च्या घरात. वागळे इस्टेटमध्ये, एमआयडीसीच्या या पहिल्या वसाहतीत, रोड नंबर 16 वरच्या एखाद्या गाळ्यात चाचणीसाठी कसारा आणायचा कुठून? बटण 20 वर न्या, आला टेबलावर. निदान उजेडापुरता, अंतरामुळे पल्स पसरतो तो बघायला खरी रिळंच लागतात.

80 किलोमीटरचं 10 गिगाबिटचं मॉड्यूल दीड मीटरच्या पॅचकॉर्डने थेट जोडणारे लोक आहेत. त्याचा लेझर 0 ते 4 डीबीएम फेकतो, रिसीव्हर उणे 7 च्या वर सोसत नाही. मग चांगला माल एरर दाखवून रिजेक्ट होतो, नाहीतर रिसीव्हर कायमचा जातो. खरी मजा उलट टोकाला आहे. एकेक डीबी उजेड कमी करत जायचं आणि बिट एरर कुठे वाढू लागतात ते टिपायचं. उणे 24 ला धरायला हवं ते मॉड्यूल उणे 21 लाच अडखळलं, तर ते साइटवर जाण्याआधी कळतं. पॅचकॉर्ड लावून हिरवा दिवा बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

फायबर पेनाला गुंडाळून उजेड घटवणारेही आहेत. त्या वळणात 1550 नॅनोमीटरला तोटा जास्त, 1310 ला कमी, आणि आजचा आकडा उद्या मिळत नाही. असल्या आकड्यावर रिपोर्टखाली सही करू नये.

खरेदीच्या यादीला कात्री लागणारच असेल तर ती दुसरीकडे लावा. ही पेटी घ्या, आणि तिच्या कॅलिब्रेशनचा दरवर्षीचा खर्चही आताच धरून ठेवा.