अर्ध्या तासावरचा गोवा

मुंबई ते गोव्याचा दाबोळी विमानतळ हे आकाशातलं सरळ अंतर सुमारे 425 किलोमीटर. जेट विमान ताशी 800 किलोमीटर जातं असं धरलं, तर शाळेतल्या गणिताप्रमाणे गोवा अर्ध्या तासावर असायला हवा. तिकिटावर मात्र सव्वा तास लिहिलेला असतो. मधल्या पाऊण तासाचं होतं काय, हा प्रश्न खिडकीशी बसून चघळण्यासारखा आहे. तिकिटातली वेळ सुरू होते ती विमान जागेवरून हललं की, जमीन सोडली की नव्हे. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदून जातात. म्हणून एका वेळी एकच चालते, आणि सगळी विमानं तिच्यापुढे लग्नातल्या दुसऱ्या पंगतीच्या पाहुण्यांसारखी, भूक नसल्याचा चेहरा करून उभी राहतात. पुढे चढायला वेळ, उतरायला वेळ. ऐन वेगाचा काळ इतका थोडा, की पाण्याचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच पट्टे बांधायची सूचना होते.

आमच्या घरची वडीलधारी माणसं बोटीच्या आठवणी काढत. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट एकेक बंदर घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. धक्का नसलेल्या बंदरात पडाव बोटीला येऊन भिडत. माणसं, ट्रंका आणि कोंबड्या सारख्याच आरडाओरड्यात खाली उतरत. किती किलोमीटर झाले, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. विजयदुर्ग कधी गेलं, मालवणला कोण उतरलं, वाटेत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे मात्र वर्षानुवर्षं पाठ. ते अंतर माणसांनी भरलेलं होतं. आमच्या अंतरात ढग असतात, आणि शेजारचा झोपलेला असतो.

तशात 2023च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. तो गोव्याच्या उत्तर टोकाला, म्हणजे हवेतून मुंबईला चाळीसेक किलोमीटर जवळ. पेडण्याच्या, सावंतवाडीच्या लोकांच्या जणू अंगणात विमान उतरलं. मडगावच्या माणसाला मात्र वाटलं, आपल्याला अलीकडेच उतरवून दिलं. विमानाची वाट जितकी आखडली, त्याहून अधिक त्याची रस्त्यावर लांबली. गोवा मुंबईच्या जवळ आला आणि त्याच दिवशी मडगाव दूर गेलं. नकाशाला यात काही विसंगत वाटत नाही.

मडगावच्या मावशीला हे हिशेब कळतात, पण पटत नाहीत. विमान कितीचं, हे ती विचारतच नाही. फोनवर तिचा एकच प्रश्न असतो, “जेवायला आहेस ना?” आणि त्या उत्तरावर ती भाताचं आधण ठेवते. तेव्हा तुम्हीही कुणाकडे निघालात, तर विमान उतरायची वेळ कळवू नका. दाराशी कधी पोचाल तेवढं सांगा, आणि त्यात अर्धा तास आपणहून वाढवा. वाट पाहणाऱ्याचं घड्याळ नेहमीच पुढे असतं.